सिंथेसायझरचा नाद, संगणकातील गाळणी आणि मराठीतील ‘ऑ’

तारता, तीव्रता आणि जाती असे नादाचे तीन गुण संगीतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून सांगितलेले असतात. त्यांपैकी पहिल्या दोहोंचे मोजमाप सुलभ आहे. तारता कंपनसंख्येवरून कळते, तीव्रता डेसिबलमध्ये मोजता येते. जातीविषयी मात्र, एकाच पट्टीत व एकाच जोराने वाजणारी सनई आणि सारंगी ज्यामुळे वेगळी ओळखू येते तो गुण, एवढे सांगून बहुतेक पुस्तके पुढे सरकतात. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी येथेच सुरू होते. ‘आ’ आणि ‘ई’ हे स्वर एकाच पट्टीत, एकाच जोराने उच्चारता येतात, आणि तरीही ते निराळे राहतात. म्हणजे ज्याला आपण स्वरभेद म्हणतो तो निव्वळ नादाच्या जातीचा भेद होय. ही जाती कशाने घडते हे हाताने करून पाहण्याचे एक साधन आज कोणत्याही विभागाच्या आवाक्यात आले आहे. एक साधा सिंथेसायझर आणि संगणकातील दोन-तीन गाळण्या एवढ्यावर काम भागते. या साधनाची रचना आणि कॉटन ग्रीन-लालबागच्या परिसरात त्याचा करता येण्याजोगा एक उपयोग, हे प्रस्तुत लेखाचे दोन विषय आहेत.

प्रथम ‘गाळणी’ या शब्दाविषयी. इंग्रजीत ज्याला फिल्टर म्हणतात त्यासाठी पारिभाषिक कोशांतून भारदस्त शब्द सापडतील. पण गाळणी हा घरगुती शब्द अर्थाने पुरेसा असल्याने मी तोच वापरणार आहे. सिंथेसायझरमधील आंदोलक जो कच्चा नाद निर्माण करतो तो अनेक उपस्वरांचा गठ्ठा असतो. मूळ नाद ११० हर्ट्‌झचा असेल तर त्याच्या जोडीने २२०, ३३०, ४४० असे पटीतले उपस्वर वाजत असतात. गाळणी त्यांपैकी काहींना जाऊ देते, काहींना अडविते. स्वतः होऊन ती नवा उपस्वर घालीत नाही. खालचे जाऊ देऊन वरचे अडविणारी, वरचे जाऊ देऊन खालचे अडविणारी आणि ठराविक पट्ट्यातलेच जाऊ देणारी असे तिचे तीन मुख्य प्रकार होत. यांपैकी तिसरीचे, म्हणजे पट्टा-गाळणीचे, काम आपल्याला अधिक पडणार आहे.

गाळणीने नादाची ओळख पालटते याचे मुंबईतील सर्वपरिचित उदाहरण १९५४ सालचे आहे. त्या वर्षी आलेल्या ‘नागिन’ या हिंदी चित्रपटाचे संगीत हेमंतकुमार यांचे होते. त्यातील पुंगीचा नाद ऐकून गारुड्याची पुंगीच वाजत आहे अशी श्रोत्यांची समजूत झाली. वस्तुतः ती पुंगी नव्हती. गिरगावात वाढलेले कल्याणजी वीरजी शहा (पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले कल्याणजी) यांनी क्लॅव्हियोलीन नावाच्या विद्युत्-वाद्यावर ती सुरावट वाजविली होती, आणि तिला रवी यांच्या हार्मोनियमची जोड होती. क्लॅव्हियोलीन हे फ्रान्समध्ये कॉन्स्तां मार्तँ यांनी १९४७ साली तयार केलेले वाद्य. त्यात एका वेळी एकच स्वर वाजे. व्हॉल्व्हच्या मंडलातून निघणारा उपस्वरांनी गच्च भरलेला नाद छोट्या खटक्यांनी निवडावयाच्या गाळण्यांतून जाई आणि त्यातून निरनिराळ्या वाद्यांचे आभास निर्माण होत. पुंगीत भोपळ्यात बसविलेल्या जिव्हाळ्या कंप पावतात व नळ्या त्या कंपनाला आकार देतात. क्लॅव्हियोलीनमध्ये जिव्हाळीच्या जागी आंदोलक आणि नळीच्या जागी गाळणी आली. वाद्य परके, घडणही परकी. पण ऐकणाऱ्याने पुंगी ओळखली. लालबाग, परळ, काळाचौकी या भागांतल्या मिरवणुकांत बेंजो-पथके ही सुरावट आजही वाजवितात, आणि पथकातल्या कीबोर्डवर तिच्यासाठी जो नाद निवडला जातो तो बहुधा पुंगीच्या नव्हे, क्लॅव्हियोलीनच्या वळणाचा असतो. नकलेची नक्कल मूळ म्हणून रूढ झाल्याची ही गोष्ट शब्दव्युत्पत्तीच्या अभ्यासकाला ओळखीची वाटेल.

जिव्हाळी आणि नळी, आंदोलक आणि गाळणी, ही जी जोडी येथे दिसते तीच आपल्या मुखात आहे. स्वरतंतूंच्या कंपनाने निघणारा नाद उपस्वरांनी समृद्ध, पण कोणत्याही एका स्वराचा नसलेला असा असतो. घसा, मुख आणि ओठ यांची पोकळी त्याला गाळून ‘आ’ किंवा ‘ई’ करते. पोकळीचा आकार जीभ आणि जबडा यांच्या हालचालीने बदलला की गाळणी बदलते. ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. तैत्तिरीय प्रातिशाख्यात कंठ संवृत असता नाद, विवृत असता श्वास आणि मधल्या स्थितीत हकार असे सांगून नाद हा स्वरांचे व घोष वर्णांचे ‘अनुप्रदान’, म्हणजे पुरविलेले द्रव्य, मानला आहे. स्थान आणि करण यांचा विचार त्याहून निराळा केला आहे. द्रव्य वेगळे आणि त्याला आकार देणारे वेगळे, ही ती विभागणी. प्राचीनांना ध्वनिलहरींचे गणित ठाऊक होते असे मात्र यावरून कोणी काढू नये. तसे म्हणण्याची आपल्याकडे जी हौस आहे तिने प्रातिशाख्यांचे खरे श्रेय झाकले जाते. त्यांचे श्रेय निरीक्षणाचे आहे. गणित फार पुढे आले. क्राट्झेनस्टाइन यांनी सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीचे पारितोषिक १७८० साली मिळविले ते पाच स्वर काढणाऱ्या पाच निरनिराळ्या आकारांच्या नळ्या बनवून. चिबा आणि काजियामा यांनी १९४१ साली टोकियोत, आणि गुन्नार फांट यांनी १९६० साली, मुखाची पोकळी ही गाळणी म्हणून कशी मोजावयाची ते पूर्णपणे मांडले. या गाळणीतून जे पट्टे ठळकपणे बाहेर येतात त्यांना फॉर्मंट म्हणतात. स्वराची ओळख मुख्यतः पहिल्या दोन फॉर्मंटांवर अवलंबून असते. जबडा जितका उघडा तितका पहिला फॉर्मंट वर जातो. जीभ जितकी पुढे तितका दुसरा वर जातो. ओठांचा चंबू केला की दोन्ही खाली येतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सिंथेसायझरची स्वतःची गाळणी असताना संगणकाची कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. १९७० सालच्या मिनीमूगपासून बहुतेक वाद्यांत मुख्य गाळणी एकच असते, आणि ती वरचे उपस्वर अडविणारी असते. तिच्या छेदबिंदूपाशी अनुनाद वाढविला तर एक उंचवटा मिळतो. स्वराला किमान दोन हवेत. एका उंचवट्याने संगीतात पुष्कळ काही साधते हे खरे. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’ या ध्वनिमुद्रिकेत रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या छोट्या यंत्राचा उपयोग केला. त्या यंत्राची एकुलती एक गाळणी सरकताना जो ओला, तोंड उघडल्यासारखा नाद येतो त्यात ‘व’काराचा भास होतो. ओठांचा चंबू सुटताना मुखाची गाळणी अशीच वर सरकते, म्हणून तो भास. पण ‘आ’ आणि ‘ऑ’ यांचा भेद एवढ्यावर दाखविता येणार नाही. दुसरे कारण संशोधनाचे आहे. वाद्यावरचा खुंटा आज जेथे ठेवला तेथेच तो उद्या बसेल याची खात्री नसते. संगणकातील गाळणीचे आकडे लिहून ठेवता येतात, आणि दुसऱ्या विद्यापीठातला अभ्यासक तोच नाद जसाच्या तसा पुन्हा काढू शकतो.

कीबोर्डवरचा सनईचा, बासरीचा किंवा कंठस्वराचा नाद निवडू नये. तो आधीच गाळलेला असतो, पुष्कळदा ध्वनिमुद्रितच असतो. ज्याचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो तो ‘सॉ’ नावाचा कच्चा नाद घ्यावा. वाद्याची स्वतःची गाळणी पूर्ण उघडी ठेवावी. घुमारा, प्रतिध्वनी इत्यादी सर्व अलंकार बंद करावेत. करवती नादच का, याचे उत्तर मनोरंजक आहे. चौकोनी लहरीत केवळ विषम उपस्वर असतात. करवतीत सर्व असतात, आणि सप्तकागणिक त्यांचा जोर सुमारे ६ डेसिबलने घटत जातो. स्वरतंतूंच्या नादात ही घट सप्तकागणिक सुमारे १२ डेसिबल असते, परंतु ओठांतून ध्वनी बाहेर पडताना सुमारे ६ डेसिबलची भरपाई होते. वजाबाकी केल्यास उरतात ६. म्हणजे करवती नादात कंठाचा उतार आणि ओठांची भरपाई या दोहोंचा हिशेब आधीच झालेला असतो. आपल्याला केवळ मुखाची पोकळी पुरवावयाची राहते.

वाद्याचा नाद ऑडिओ इंटरफेसमधून संगणकात घ्यावा, त्याच्या तीन प्रती कराव्यात आणि प्रत्येक प्रतीला एक पट्टा-गाळणी लावून तिन्ही पुन्हा एकत्र मिसळाव्यात. गाळण्या एकीपुढे एक लावल्यास पहिलीने अडविलेले दुसरीला मिळणारच नाही. त्या शेजारी-शेजारीच हव्यात. आकड्यांसाठी पीटरसन आणि बार्नी यांची १९५२ सालची प्रसिद्ध मोजमापे आरंभाला उपयोगी पडतात. अमेरिकन पुरुषांच्या उच्चारात ‘फादर’मधल्या स्वराचे फॉर्मंट सरासरीने ७३०, १०९० आणि २४४० हर्ट्‌झ येतात, ‘ई’सारख्या स्वराचे २७०, २२९० आणि ३०१०, ‘ऊ’सारख्याचे ३००, ८७० आणि २२४०. पट्ट्याची रुंदी ८० ते १०० हर्ट्‌झ ठेवावी. फार अरुंद केल्यास घंटेसारखा नाद येतो, फार रुंद केल्यास स्वर विरघळतो. ‘आ’साठी तिसरी गाळणी पहिलीहून १५-२० डेसिबल खाली ठेवावी, नाही तर स्वर पत्र्यासारखा वाजतो. शिवाय ‘आ’मध्ये पहिले दोन पट्टे अगदी जवळ असतात आणि मिसळताना त्यांच्यामधल्या भागात नाद खचतो, दुसऱ्या प्रतीची लहर उलटी केल्यास हा खड्डा भरून निघतो. संगणकावर हे एका बटनाचे काम आहे, पण पाठ्यपुस्तकांतून ते क्वचितच सांगितलेले असते.

एवढे करून पट्टी दाबून धरली तर प्रथम निराशाच होते. ऐकू येतो तो यंत्राचा सूर; ‘आ’ नव्हे. मनुष्याचा आवाज कधीही स्थिर नसतो, हे येथे ध्यानात येते. तारता १२० वरून १०० हर्ट्‌झपर्यंत हळूच उतरू द्यावी, आणि तोच नाद एकाएकी बोलू लागतो. याचे कारण असे की ११० हर्ट्‌झच्या नादाचे उपस्वर ११०-११० च्या अंतराने असतात; गाळणीचा उंचवटा त्यांच्यामध्ये कोठे आहे हे स्थिर नादात नीट कळत नाही. तारता सरकली की उपस्वर उंचवट्यावरून घसरत जातात आणि त्याचा आकार कानाला जणू रेखाटून दाखवितात. हाच न्याय उलट लावून पाहावा. ४४० हर्ट्‌झच्या पट्टीत उपस्वर ४४०, ८८०, १३२० असे विरळ पडतात. ७३० च्या आसपास एकही नाही. गाळणी योग्य असूनही तिच्यातून जावयास काही नसते. उंच पट्टीत गाणारीचे शब्द का कळत नाहीत, आणि लहान मुलांच्या स्वरांची मोजमापे का फसतात, याचे एक मोठे कारण हे आहे.

येथवरचे विवेचन कोणत्याही भाषेला लागू पडेल. मराठीपुरता प्रश्न ‘ऑ’चा आहे. हा स्वर आपल्याकडे इंग्रजी शब्दांबरोबर आला. डाक्टर, हाटेल, हापिस ही रूपे सांगतात की आरंभी मराठी मुखाने त्याच्या जागी ‘आ’ बसविला. शाळेने चंद्राचे चिन्ह शिकविले आणि डॉक्टर, हॉटेल, ऑफिस ही रूपे शिष्ट ठरली. कॉटन ग्रीन या नावातच हा स्वर पहिल्या अक्षराला आहे. (‘ग्रीन’चा हिरव्या रंगाशी संबंध नाही, मोकळ्या गवताळ मैदानाला इंग्रजीत ग्रीन म्हणतात. कापसाच्या गठ्ठ्यांचे कुलाब्याचे मैदान या नावाने ओळखले जाई, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बाजार शिवडीच्या बाजूला आला तेव्हा मैदान मागे राहून नाव पुढे आले.) ‘हाटेल’ म्हणणारी जी पिढी, तिच्या मुखात हे नाव त्याच चालीवर ‘काटन’ होते.

मुख काय करते ते ध्वनिमुद्रणावरून कळेल. पण कान काय करतो? ज्याच्या मुखात ‘ऑ’ वेगळा नाही त्याला तो ऐकू तरी वेगळा येतो काय? हा प्रश्न ध्वनिमुद्रणाने सुटत नाही, कारण खऱ्या बोलणाऱ्याचा ‘ऑ’ आपल्याबरोबर बोलणाऱ्याची सारी ओळख घेऊन येतो: वय, शिक्षण, वस्ती. श्रोता ती ओळखतो आणि मग ‘ऐकतो’. यंत्राच्या नादाला वस्तीही नाही आणि शिक्षणही नाही. गाळणीचा खरा उपयोग येथे आहे.

मराठीत या कामासाठी एक आयती जोडी उपलब्ध आहे: काल आणि कॉल. फोन येणे या अर्थी ‘कॉल आला’ हा प्रयोग आता सर्व वयांत रूढ आहे, आणि ‘काल आला’ हे वाक्यही तितकेच स्वाभाविक आहे. दोहोंत फरक एकाच स्वराचा. पीटरसन-बार्नींच्या आकड्यांत ‘ऑ’च्या जवळच्या स्वराचे पहिले दोन फॉर्मंट ५७० आणि ८४० आहेत. तेव्हा ७३०-१०९० पासून ५७०-८४० पर्यंत दहा समान टप्पे केल्यास प्रत्येक टप्प्याला पहिला फॉर्मंट १६ आणि दुसरा २५ हर्ट्‌झने उतरतो, आणि अकरा नाद तयार होतात. त्यांना एकाच ध्वनिमुद्रणातून घेतलेले ‘क’ आणि ‘ल’ जोडावेत. मराठीचा ‘आ’ ‘फादर’मधल्या स्वराहून पुढच्या बाजूचा असल्याने त्याचा दुसरा फॉर्मंट वर असतो, म्हणून शेवटची टोके परिसरातल्याच बोलणाऱ्यांवरून ठरविली पाहिजेत. बोर्स्मा आणि वेनिंक यांचे ‘प्रात’ हे ॲम्स्टरडॅममधले विनामूल्य सॉफ्टवेअर या मोजणीला पुरेसे आहे.

उत्तर लिहून घेऊ नये. कागद दिला की श्रोता चंद्र काढावा की काढू नये याचा विचार करू लागतो, म्हणजे शाळेने शिकविलेले उत्तर देतो. त्याऐवजी दोन चित्रे ठेवावीत, एक दिनदर्शिकेचे व एक दूरध्वनीचे, आणि बोट ठेवावयास सांगावे.

श्रोते कोण, हा या प्रयोगातला निकडीचा भाग आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष गिरणी-कामगार होते. त्या वेळी जे विशी-पंचविशीत होते ते आज साठीच्या पुढे गेले आहेत. चाळिशीतले फार थोडे उरले असतील. गिरण्या बंद झाल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, आणि पुष्कळ कुटुंबे दूरच्या उपनगरांत किंवा कोकणात व घाटावर परतली. त्यांच्या बोलीचे शब्द लेखकांनी आणि अभ्यासकांनी काही प्रमाणात टिपून ठेवले आहेत. मुद्रित बोलणे पुढेही ऐकता येईल. कान मात्र टिपून ठेवता येत नाही. माणूस समोर असेतोवरच त्याची चाचणी घेता येते.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. साचेखात्यात वर्षानुवर्षे काम केलेल्यांचे कान अधू झालेले असतात. मागांच्या त्या कल्लोळात ओठांच्या हालचालीवरून बोलणे समजून घ्यावे लागे. अशा श्रोत्यांवर ध्वनीचा प्रयोग कसा करावा? आक्षेप रास्त आहे, पण येथे नेमका तो आड येत नाही. सततच्या आवाजाने होणारे बधिरत्व प्रथम ४००० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होते, आणि वार्धक्याचे वरच्या टोकाकडून खाली येते. त्यामुळे ‘स’ आणि ‘श’ यांचा, किंवा ‘चाक’ आणि ‘चंद्र’ यांतील दोन च-कारांचा भेद अशा श्रोत्यांवर तपासणे व्यर्थ होईल. त्यांची ओळख मुख्यतः उंच पट्ट्यांत असते. ‘आ’ आणि ‘ऑ’ यांचे निर्णायक पट्टे ११००-१२०० हर्ट्‌झच्या आतबाहेर येतात. तेथला कान बहुधा शाबूत असतो. तरीही प्रत्येकाची श्रवणचाचणी आधी घ्यावी, आणि ५०० व १००० हर्ट्‌झवर ज्यांना दोष आढळेल त्यांना वगळावे.

अकराही नाद क्रम मोडून, प्रत्येकी दहा वेळा ऐकवावेत. सलग चढत्या किंवा उतरत्या क्रमाने ऐकविल्यास श्रोता मागच्या उत्तराला चिकटून राहतो. आजोबा आणि नातू यांची उत्तरे शेजारी मांडली तर तीन शक्यता दिसतात. नातवाचे ‘काल’ एका टप्प्यावर झटकन ‘कॉल’मध्ये बदलेल आणि आजोबांचे सावकाश, अनिश्चितपणे बदलेल, मग ‘ऑ’ हा मराठीच्या वर्णव्यवस्थेत दोन पिढ्यांत शिरला असे म्हणता येईल. दोघांचीही सीमा अस्पष्ट निघेल. मग चंद्र हे केवळ लेखनातले चिन्ह असून शिष्ट उच्चार वाटतो तितका खोल गेलेला नाही. तिसरी शक्यता मला सर्वांत विचारणीय वाटते. ‘काटन’ म्हणणाऱ्या आजोबांची सीमाही नातवाइतकीच तीक्ष्ण निघाली, तर त्यांना भेद प्रथमपासून ऐकू येत होता आणि तरीही त्यांनी ‘काटन’च म्हटले असा अर्थ होईल. तसे असल्यास ‘हाटेल’-‘हापिस’ या रूपांना कानाची उणीव समजून त्यांची जी वर्गवारी आपण वर्गात शिकवीत आलो, ती मोडावी लागेल, आणि ती रूपे बोलणाऱ्यांनी आपल्या वस्तीची खूण म्हणून राखली काय, हा प्रश्न ध्वनिशास्त्राकडून समाजभाषाविज्ञानाकडे जाईल.